पहार थांबली ते वर्ष : १९३१

महाशिवरात्रीला आई मला बारादेवीला न्यायची. काळाचौकीहून आम्ही चालतच निघायचो. हातात बेलाची पानं आणि दुधाचा गडू, पायात रबरी चपला. अभ्युदय नगर मागे पडलं की परळ-शिवडीच्या बाजूला वळायचं आणि गल्लीबोळांतून त्या देवळापाशी पोचायचं. रांगेत उभं राहून मी कंटाळायचे. पण आत शिरलं की कंटाळा कुठल्या कुठे जायचा. अंधाऱ्या खोलीत छतापर्यंत गेलेला एक दगड आणि त्या दगडातून बाहेर येणारी माणसंच माणसं. आई म्हणायची, "मोज बघू." मी मोजायचे. मधोमध एकावर एक तीन. त्यांच्या दोन्ही अंगांनी दोन-दोन. झाले सात. खाली वाद्यं घेऊन बसलेले बुटके गण पाच. "सात नि पाच किती?" "बारा." "म्हणून बारादेवी," आई सांगायची. नावामागचं खरं कारण तेच असेल असा माझा आग्रह नाही. पण बेरीज मी तिथेच शिकले.

पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले. एकतीस वर्षं पाचवी ते दहावीच्या वर्गांना हडप्पा, अशोक, सातवाहन शिकवले. पुस्तकातला इतिहास मुलांना कायम दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा. सिंध लांब, पाटलीपुत्र त्याहून लांब. म्हणून दर वर्षी एक वर्ग घेऊन मी बारादेवीला जायचे. देवळापाशी पोचलं की मुलांना एवढंच सांगायचे : हा दगड १९३१ साली रस्ता करताना मजुरांना सापडला. मुलं गप्प व्हायची. कुणाचे आजोबा गिरणीत, कुणाचे गोदीत, कुणाचे रस्त्याच्या कामावर. 'मजुरांना' हा शब्द त्यांना नीट ऐकू जायचा.

त्या १९३१ सालाबद्दलच मला लिहायचं आहे. मुंबईला ते वर्ष वेगळ्याच गोष्टींनी ठाऊक आहे. १४ मार्चला गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि आपला पडदा पहिल्यांदा बोलला. २९ ऑगस्टला गांधीजी मुंबईच्या बंदरातून गोलमेज परिषदेसाठी बोटीत बसले. जगभर मंदी होती. आणि त्याच वर्षी परळहून शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामात पहार एका मोठ्या दगडावर आपटली.

रस्त्याच्या कामात दगड लागला तर काय करतात, हे आपण सगळे जाणतो. सुरुंग लावतात किंवा घणाने फोडून त्याची खडी करतात. इथे तसं झालं नाही. माती बाजूला झाली तशी आत चेहरा दिसला असेल, मग दुसरा, मग तिसरा. साडेअकरा फुटांच्या आसपास उंचीची आणि सहा फुटांहून जास्त रुंद अशी ती अखंड शिळा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तिचा काळ इसवी सनाचं पाचवं-सहावं शतक मानतं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या हजार-अकराशे वर्षं आधी या परळच्या मातीवर कुणीतरी छिन्नी घेऊन उभं होतं किंवा इतकं जड शिल्प इथे आणून उभं करण्याइतकी श्रद्धा आणि ऐपत इथल्या लोकांकडे होती. ज्या भागाला आपण 'गिरणगाव' म्हणतो आणि ज्याचा इतिहास भोंग्यापासून सुरू होतो असं समजतो, त्याच्या पायाखाली हे होतं.

शिळेवर तारीख कोरलेली नाही. मग काळ कसा कळला? मुलांचा हा ठरलेला प्रश्न. मी त्यांना विचारायचे, तुमच्या घरातला आजी-आजोबांचा लग्नाचा फोटो आणि आई-बाबांचा फोटो शेजारी ठेवला, तर कुठला जुना ते तारीख न बघता सांगता येईल की नाही? केसांवरून, पातळाच्या नेसणीवरून, उभं राहण्याच्या ढबीवरून कळतं. मूर्तींचंही तसंच आहे. जटामुकुटाची बांधणी, अंगावरचे मोजके दागिने, स्नायू न दाखवता नुसत्या श्वासाने भरल्यासारखी वाटणारी छाती, अर्धवट मिटलेले डोळे हे सगळं गुप्तकाळाच्या अखेरच्या शैलीशी जुळतं. आणि सगळ्यात जवळचं नातं दिसतं ते घारापुरीच्या लेण्यांशी. घारापुरी आमच्या शिवडीच्या पलीकडेच, समुद्रात. तिथला तीन तोंडांचा तो प्रचंड सदाशिव सुमारे अठरा फुटांचा, साधारण सहाव्या शतकातला. तिथे कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी मिळाली आहेत. परळचा शिव आणि घारापुरीचा शिव एकाच हवेतले, एकाच घराण्यातले वाटतात.

मला मात्र परळचा शिव जास्त बोलका वाटतो. घारापुरीचा देव डोंगरात बसला आहे. हा वाढतो आहे. खालचा शिव सरळ, समोर बघत उभा. त्याच्या खांद्यामागून दुसरा वर येतो, त्याच्यामागून तिसरा. सगळ्यात वरच्याला अनेक हात, हातांत आयुधं. बाजूचे चौघे झाडाला फांद्या फुटाव्यात तसे तिरके बाहेर झुकलेले. एकाच देहातून सात देह कसे निघतात हे शिल्पकाराने सपाट दगडात दाखवलं आहे. खालचं काही काम अपुरं राहिल्यासारखं दिसतं. मला तो अपुरा भाग फार आवडतो. तिथे कारागिराचा हात थांबलेला दिसतो.

ही मूर्ती संग्रहालयात गेली नाही, गावातच राहिली. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तिची प्लास्टरची प्रतिकृती आहे. १९८५ साली पुरातत्त्व खात्याने मूळ मूर्तीला संरक्षण दिलं. तरी ती आजही देव आहे. तिच्या पायाशी फुलं असतात, कधी नारळ. जगातल्या मोठमोठ्या अभ्यासकांनी जिच्यावर लिहिलं त्या शिल्पापुढे आमच्या वाडीतल्या बायका उदबत्ती लावतात. मला यात काहीच वावगं वाटत नाही. जपणं म्हणजे कुलूप लावणं एवढंच नसतं, रोज कुणीतरी दार उघडून बघणं हेही जपणंच आहे.

परळच्या मातीला अशी ही एकच देणगी आहे असंही नाही. शिलाहार राजा अपरादित्याचा शके ११०८ चा, म्हणजे इसवी सन ११८७ चा शिलालेख परळचाच. त्याच्या शेवटी, हे दानशासन जो मोडेल त्याच्यासाठी शाप आहे आणि तो मराठीत आहे. गाढवाचं चित्र कोरलेल्या अशा दगडांना गधेगाळ म्हणतात. त्या लेखात वैद्यनाथाचं नाव येतं. परळ हे नाव परळी वैजनाथावरून आलं असं आमची जुनी माणसं सांगायची, तेव्हा मला त्या लेखाची आठवण यायची. आठशे वर्षांपूर्वीचा मराठी शाप आमच्या परळचा आहे, हे मी वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकायची.

तर १९३१. परळच्या मूर्तीमुळे मला या सालाची ओढ लागली आणि मी त्याच वर्षी आणखी काय काय सापडलं ते शोधू लागले. जे हाती आलं त्याने मी थक्क झाले. कारण त्या वर्षीचे आपल्या उपखंडातले काही मोठे शोध असे होते की त्यांत पहिला हात साध्या माणसाचा होता.

वर्षाच्या शेवटाकडे, ३० नोव्हेंबरला, बंगालातल्या बोगरा जिल्ह्यात महास्थानगड इथे बारू फकीर नावाच्या माणसाला चुनखडीचा एक छोटा तुकडा मिळाला. तळहातात मावेल एवढा. आज हे गाव बांगलादेशात आहे. तुकड्यावर ब्राह्मी अक्षरांच्या सहा-सात ओळी. वरचा भाग तुटलेला. असे तुकडे माणसं पायरीला लावतात, मसाला वाटायला घेतात. तो नाहीसा झाला असता तर कुणाला कळलंही नसतं. तो पोचला कलकत्त्याला आणि वाचला कुणी? देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी. आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव. वडिलांचा जन्म मालवणचा. काळाचौकी-लालबागात निम्मी घरं कोकणातली, त्यामुळे हे सांगितलं की आमच्याकडे लोक कान टवकारतात. देवदत्तराव कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी तो लेख 'एपिग्राफिया इंडिका'मध्ये छापला.

काय लिहिलं होतं त्यावर? कुठल्या लढाईची बातमी नाही, राजाची स्तुती नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली, मौर्यकाळातली ती सरकारी आज्ञा आहे. पुंड्रनगरच्या, म्हणजे या महास्थानगडच्याच, महामात्राला (मोठ्या अधिकाऱ्याला) कळवलं आहे की लोकांवर संकट आलं आहे, तेव्हा कोठारातलं धान्य त्यांना द्यावं. मदत म्हणून नाणीही द्यावीत. मग सुबत्ता आली की कोठार आणि खजिना पुन्हा भरून घ्यावा. बस, एवढंच. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा उसनवारीचा कागद.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते आणि त्याला कारण आहे. माझे बाबा गिरणीत साळखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होते. त्या काळात आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने वर्षभर तांदूळ-डाळ उधारीवर दिली. वहीत लिहायचा आणि म्हणायचा, "गिरणी सुरू झाली की द्या." गिरणी सुरू झाली नाही. ती वही आईने दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून फेडली. पुंड्रनगरच्या कोठारातून ज्याने धान्य नेलं त्याच्या घरात काय चाललं असेल हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. पुरातत्त्व म्हणजे सोनंनाणं अशी समजूत असलेल्या माणसाला मी हाच तुकडा दाखवीन. भूक लागलेल्या माणसाला राज्याने धान्य दिलं याचा आपल्या देशातला इतका जुना पुरावा एका फकिराच्या हाताने आपल्यापर्यंत आला.

भांडारकरांची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती या विषयाचा स्वभाव दाखवते. वीस वर्षांपूर्वी, १९११-१२ च्या सुमारास, पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे अधिकारी म्हणून ते सिंधमध्ये मोहेंजोदडोला जाऊन आले होते. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. त्यांनी तिथल्या विटा पाहिल्या आणि नोंद केली की हे अवशेष फार तर दोनशे वर्षांपूर्वीचे, विटा अगदी अलीकडच्या धर्तीच्या आहेत. ज्या नगराने भारताचा इतिहास दोन हजार वर्षांनी मागे नेला, त्याच्यावर उभं राहून एवढा विद्वान माणूस परत आला. पुढे त्याच खात्याच्या पुण्याच्या कचेरीतून राखालदास बॅनर्जी तिथे गेले, १९२२ मध्ये त्यांनी खणायला घेतलं आणि १९२४ मध्ये खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृती जगाला जाहीर केली. त्या उत्खननाचे मार्शल यांचे तीन मोठे खंड लंडनला प्रसिद्ध झाले तेही १९३१ मध्येच. बॅनर्जींना ते बघायला मिळाले नाहीत, आदल्याच वर्षी ते वारले.

भांडारकरांची ती चूक मी मुलांना मुद्दाम सांगायचे. त्यांना कमी लेखायला अजिबात नाही. हडप्पासारखं काही असू शकतं हे ठाऊकच नसताना त्या विटा नव्या वाटणं साहजिक होतं. भाजलेल्या, मापात बसणाऱ्या, सुबक विटा. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणी अशा करत असेल हे कुणाच्या मनातही नव्हतं. डोळ्याला तेच दिसतं जे मनाला आधी ठाऊक असतं. त्याच भांडारकरांनी १९३१ नंतर तळहाताएवढ्या दगडावरची झिजलेली अक्षरं लावून दाखवली, कारण ब्राह्मी त्यांच्या बोटांवर होती.

उत्तरेला, काश्मीरच्या महाराजांच्या राज्यात गिलगिटजवळ नौपूर नावाचं गाव आहे. तिथे १९३१ च्या उन्हाळ्यात गुरं चारणाऱ्यांना एका ढासळलेल्या, स्तूपासारख्या ढिगाऱ्यात लाकडी पेटी मिळाली. पेटीत भूर्जपत्रांच्या पोथ्या. बौद्ध ग्रंथ, संस्कृतात, पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपास लिहिलेले. म्हणजे परळच्या शिवाच्या वयाचेच म्हणा ना. बुद्धाच्या भिक्षूंनी कसं वागावं, काय खावं, भांडण झालं तर कसं मिटवावं याचे नियम त्यांत आहेत. हे ग्रंथ चिनी आणि तिबेटी भाषांतरांतून ठाऊक होते. मूळ संस्कृत हरवलं असं मानलं जात होतं. गुराख्यांनी ते काढलं. संशोधक ऑरेल स्टाइन तेव्हा त्या वाटेने जात होते, त्यांनी ही बातमी बाहेर कळवली.

पण इथे हात वेळेवर थांबला नाही. अधिकारी पोचेपर्यंत काही पानं लोकांनी उचलली होती, काही विकली गेली, पोथ्या वेगवेगळ्या ठिकाणी पांगल्या. बराचसा भाग आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतींच्या नोंदीत स्थान दिलं आहे. तरी एकाच पोथीची पानं वेगवेगळ्या गावी असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरातली वाटणी झाली आहे त्याला कळेल. भूर्जपत्र म्हणजे झाडाची साल. पापुद्रा निघावा तशी ती निघते. घाईने उलगडली की चुरा होतो.

याच वर्षी निजामाच्या राज्यात, कोप्पळजवळ, गवीमठ आणि पाल्कीगुंडू अशा दोन टेकड्यांवर अशोकाचे लेख उजेडात आले. परदेशात म्हणाल तर २५ मे १९३१ ला अथेन्स शहराच्या मधोमध, जिथे सॉक्रेटिस लोकांशी वाद घालत हिंडायचा त्या जुन्या बाजारचौकाचं उत्खनन अमेरिकन अभ्यासकांनी सुरू केलं. त्यासाठी वरची शेकडो घरं विकत घेऊन पाडावी लागली. ती घरं पाडताना कुणाची चूल कुठे गेली असेल, असा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. पुनर्विकासाच्या नोटिसा ज्यांच्या दारावर लागतात त्या वस्तीत मी राहते. तरी तिथे एक गोष्ट नीट झाली : घरांखालचा प्रत्येक थर मोजून, लिहून, मग पुढची माती काढली.

हा 'थर' शब्द मला थोडा उलगडून सांगायचा आहे, कारण त्याच्यावाचून पुरातत्त्व म्हणजे नुसतं सामान गोळा करणं होतं.

आई गेल्यावर आम्ही भावंडांनी तिची पत्र्याची ट्रंक उघडली. भाऊ ती पालथी करणार होता. मी त्याचा हात धरला. म्हटलं, वरून एक-एक काढू. सगळ्यात वर नातवाच्या मुंजीतलं पातळ. त्याखाली माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तिला घेतलेली सुती साडी. त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली उधारीची वही, वाण्याची. वहीच्या घडीत रेशनकार्ड आणि संपाच्या वेळचं युनियनचं एक पत्रक. तिथून खाली मात्र बाबांच्या पगाराच्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, रबर बँडने बांधलेल्या, पिवळ्या झालेल्या. तळाशी लग्नातला शालू. आम्ही तिघं ट्रंकेभोवती बसून राहिलो. संपाच्या पत्रकाच्या वर पगाराची एकही चिठ्ठी नव्हती. आमच्या घराचं काय झालं हे त्या ट्रंकेने न बोलता सांगितलं होतं. भावाने ती पालथी केली असती तर वस्तू त्याच मिळाल्या असत्या, पण गोष्ट मिळाली नसती.

जमिनीचं अगदी असंच आहे. मडक्याचा तुकडा कुठल्या खोलीवर होता, त्याच्या शेजारी काय होतं, खाली राख होती की वाळू, वर गाळ होता की भराव, यावरून तो बोलतो. तिथून उचलून कपाटात ठेवला की तो मुका होतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक निघाले. तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. भोवती आठ बुद्धमूर्ती. शिवाय सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं. पंडितजींनी कुठली वस्तू कुठे, कशी होती हे लिहून ठेवलं. म्हणून आज आपण त्या पेटीबद्दल बोलू शकतो. नाहीतर ते सोनं केव्हाच वितळलं असतं आणि मूर्ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात गेल्या असत्या.

आता आमच्याकडे बघा. काळाचौकी, लालबाग, परळ, शिवडी इथली जमीन शंभर वर्षांत झाली नाही एवढी आता खणली जाते आहे. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, चाळींच्या जागी येत आहेत. पूर्वीच्या चाळीचा पाया पाच-सहा फूट. आताच्या मनोऱ्याखाली गाड्या ठेवायला दोन-तीन मजले जमिनीत जातात. माझ्या खिडकीतून रात्री दिवे लावून चाललेलं खोदकाम दिसतं. काळी चिकट माती, तिच्यात शिंपल्यांचा थर, मग मुरूम, मग कातळ. शिंपले का, तर ही सगळी खाडीलगतची जमीन. परळ हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक, त्याच्या कडेला भरतीचं पाणी यायचं. हे सगळं पुस्तकात शिकवण्यापेक्षा त्या खड्ड्याच्या कडेवर उभं राहून पाच मिनिटांत दाखवता येतं.

निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा खापराचा लाल तुकडा रुमालात बांधून घेऊन आला. त्याच्या घराशेजारची जुनी चाळ पाडून खोदकाम चाललं होतं. "बाई, हे हडप्पाचं आहे का?" मी तुकडा हातात घेतला. चाकावर घडवलेला, बाहेरून काजळी धरलेला. मी विचारलं, "किती खोल होता?" "माहीत नाही, डंपरमधून पडला." "शेजारी काय होतं?" "माहीत नाही." मी त्याला शाबासकी दिली, कारण त्याने तो रस्त्यावर टाकून न देता रुमालात बांधला होता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं त्या जागेवर गेलो. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. खड्डा काँक्रीटने भरत आला होता. तो तुकडा पन्नास वर्षांपूर्वीच्या माठाचा असेल किंवा पाचशे वर्षांपूर्वीच्या हंडीचा. आता तो दोन्हींपैकी काहीच नाही.

नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी परळच्या रस्त्यावर हातात पहार होती. पहार दगडावर आपटली की हाताला झिणझिण्या येतात, माणूस थांबतो, वाकून बघतो. यंत्राच्या बादलीला झिणझिण्या येत नाहीत. म्हणून आता थांबायचं काम यंत्रावरच्या माणसाने, मुकादमाने, पहारेकऱ्याने आणि खिडकीतून बघणाऱ्या आपण करायचं आहे. बारू फकिराचं नाव कागदावर राहिलं. ज्याच्या पहारीने परळचा शिव वर आला त्या मजुराचं नाव इतिहासात आलं नाही. पण त्याने आणि त्याच्या जोडीदारांनी तो दगड फोडला नाही, ही त्यांची कामगिरी मी कुठल्याही संशोधकाच्या कामगिरीहून कमी मानत नाही.

कायदाही त्यांच्याच बाजूचा आहे. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्याला कळवावी लागते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, शिलालेख हे पुरावशेष ठरतात, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. ते देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. काम कायमचं बंद पडेल या भीतीने लोक गप्प बसतात हे मला ठाऊक आहे. घर मिळायला आधीच दहा वर्षं उशीर झालेल्या माणसाला मी दोष देणार नाही. पण फोटो काढायला आणि एक फोन करायला घर थांबत नाही.

म्हणून माझी आमच्या भागातल्या प्रत्येकाला विनंती आहे. खोदकामात कोरीव दगड, अक्षरं असलेली फरशी, नाणी, मोठ्या संख्येने खापरं, हाडं असं काही दिसलं तर ते उचलू नका आणि धुऊ नका. मातीसकट जागेवरच त्याचा फोटो घ्या. मापासाठी शेजारी पट्टी नाहीतर एखादं रुपयाचं नाणं ठेवा. खड्ड्याच्या काठापासून ते किती खाली आहे ते अंदाजाने का होईना लिहा आणि तारीख घाला. मग जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची मुंबईची कचेरी शीव किल्ल्यात आहे, राज्याच्या पुरातत्त्व खात्याची सेंट जॉर्ज किल्ल्यात. काळाचौकीहून दोन्हीकडे बसने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. आणि तोवर, येत्या रविवारी, घरातल्या एखाद्या मुलाला घेऊन बारादेवीला जा आणि त्याला मोजायला सांगा.